तयार चॅसिसवर स्वतःचं छोटं इंजिन उभं करताना

प्रश्न थोडक्यात असा: "माझ्याकडे एन गेज या छोट्या मॉडेल रेल्वेच्या सहा चाकी शंटिंग इंजिनाची (यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाची) जुनी चॅसिस, म्हणजे चाकं, गिअर आणि मोटर असलेला खालचा भाग आहे. तिच्यावर १:८७ मापाचं, खाणीत किंवा कारखान्यात चालणाऱ्या नॅरोगेज डिझेल इंजिनाचं मॉडेल बांधायचंय. पुठ्ठ्याची बॉडी करून पाहिली. पण गाडी सुटते ती भन्नाट वेगाने, आणि हळू चालवायला गेलं की अडखळते. मोटर बदलावी, गिअर बदलावेत, की चॅसिसच दुसरी घ्यावी? आणि हीच पद्धत पुढे मोठ्या मापाच्या वाफेच्या इंजिनाला चालेल का?"

पुठ्ठ्याची बॉडी काही दिवस बाजूला ठेवा. तिच्यात काही चुकलंय असं नाही. पण तुमच्या दोन्ही तक्रारी बॉडीच्या खालच्या आहेत, आणि बॉडी चढवलेली असली की त्या नीट ऐकूही येत नाहीत. मी गेली बरीच वर्षं तयार यंत्रणांवर अशी इंजिनं बांधतोय. अर्धवट सुटलेली जी इंजिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच असते: बॉडी मन लावून केली, मग तिच्यात चॅसिस कोंबायला घेतली, आणि गाडं तिथेच अडलं. आधी चॅसिस मनासारखी चालवून घ्यायची, मग तिच्या अंगावर बेतून कपडा शिवायचा, हा क्रम मी कधीच उलटा करत नाही.

हे सगळं जमतं कशामुळे, ते आधी बघू, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे आहेत. एन गेजचा रूळ ९ मिमीचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी. एनच्या स्वतःच्या १:१६० मापात, म्हणजे खऱ्याच्या एकशेसाठाव्या भागाच्या मापात, तो ब्रॉडगेज किंवा मीटरगेज नव्हे, तर १४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज दाखवतो. तोच रूळ १:८७ मापात धरला तर ७८३ मिमी होतो, म्हणजे ७५० आणि ७६२ मिमीच्या खऱ्या नॅरोगेजच्या अगदी जवळ. १:७६ मध्ये तो ६८५ मिमीच्या आसपास येतो आणि लोक बिनदिक्कत त्यावर दोन फुटी गेजची इंजिनं चालवतात. म्हणजे एका मापातल्या मोठ्या रेल्वेची यंत्रणा दुसऱ्या मापातल्या छोट्या रेल्वेला आयती मिळते. ९ मिमीचा रूळ बाजारात रुळला, तो १९६०च्या दशकात. त्याच दशकात म्युनिकच्या एगर-बान या कंपनीने हीच युक्ती वापरून १:८७ मापाची चिमुकली नॅरोगेज इंजिनं विकायला आणली. तेव्हापासून घरी इंजिन बांधणाऱ्यांनी हा रस्ता सोडलेला नाही.

पण या युक्तीत एक गोष्ट बदलत नाही. चॅसिसचा मूळ स्वभाव मोठ्या रेल्वेचा राहतो. तुमचं इंजिन भन्नाट पळतं ते म्हणूनच. एक सोपा हिशोब करून दाखवतो. चाकाचा व्यास ६.५ मिमी धरा, म्हणजे एका फेऱ्यात गाडी २०.४ मिमी पुढे जाते. १२ व्होल्टला मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेते आणि गिअर २०:१ आहेत असं समजा. चाक मिनिटाला ६०० फेरे घेईल, म्हणजे सेकंदाला १०. गाडी सेकंदाला २०४ मिमी जाईल. १:१६० मापात हा वेग होतो ताशी जवळजवळ ११८ किमी. १:८७ मध्ये मोजला तर तोच वेग ताशी ६४ किमी. मोठ्या मापात गेल्यामुळे वेग आपोआप निम्म्याजवळ आला, हा फायदाच. पण खाणीतलं डिझेल इंजिन ताशी १५ किमीने चालतं. तेवढ्यासाठी चाकाने मिनिटाला फक्त १४१ फेरे घ्यायला हवेत, म्हणजे मोटरने साधारण २,८००. बारापैकी जेमतेम तीन व्होल्टला ही मोटर तिथे पोचते. अगदी त्याच पट्ट्यात मोटरची ताकद तुटपुंजी असते, आणि ग्रीसचा चिकटपणा, मोटरच्या आत वीज पोचवणाऱ्या ब्रशचा दाब, रुळावरचा मळ यांतली प्रत्येक बारीक गोष्ट तिला अडवते. म्हणजे तुमचा "भन्नाट पळते" आणि "अडखळते" हा एकाच दुखण्याचा दोन्हीकडून दिसणारा चेहरा आहे, निदान अर्धा तरी.

तुमच्या चॅसिसचे खरे आकडे यापेक्षा वेगळे असतील, म्हणून ते स्वतः काढा. वर्मच्या (मोटरच्या शाफ्टवरच्या स्क्रूसारख्या गिअरच्या) खालच्या गिअरपासून चाकापर्यंतचे दाते मोजा. वर्मला एकच आटा असेल तर त्याचा एक फेरा म्हणजे गिअरचा एक दात. मधले जे गिअर फक्त फिरणं पुढे देतात, म्हणजे ज्यांच्यावर एकच दातांची रांग असते, ते हिशोबात धरायचे नाहीत. दोन वेगवेगळ्या आकारांच्या रांगा असलेले मात्र धरायचे. वेग मोजायला यंत्र लागत नाही. रुळावर एक मीटरवर दोन खुणा करा आणि घड्याळ लावा. १:८७ मध्ये ताशी १५ किमी म्हणजे तो मीटर पार करायला २१ सेकंद. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला ते फारच संथ वाटतं. कंट्रोलर तिथे ठेवून डोळ्यांना सवय होऊ द्या. थोड्या वेळाने तेच बरोबर वाटायला लागतं.

आता उरलेली अर्धी तक्रार, अडखळण्याची. इथे लोक सरळ मोटर बदलायला जातात. त्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा. चॅसिस उलटी धरा, रुळावरून वीज न देता दोन वायरी थेट मोटरच्या टोकांना लावा आणि हळू चालवा. अशी ती लोण्यासारखी फिरली तर यंत्रणा चांगली आहे. दोष रुळावरून वीज उचलण्यात आहे. अशीही अडखळली तर दोष गिअरमध्ये, चाकं एकमेकांना जोडणाऱ्या रॉडमध्ये किंवा मोटरमध्ये आहे.

दुसऱ्या प्रकारात कुठला भाग, ते शोधायची माझी रीत सांगतो. एका चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. व्होल्टेज इतकं कमी ठेवा की यंत्रणा मध्येच थबकेल. थबकली की ठिपका कुठे आहे ते बघा. दहा-बारा वेळा बघा. दर वेळी ठिपका एकाच जागी असेल तर दोष चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आहे, म्हणजे आसावरचा गिअर, किंवा कपलिंग रॉड. ठिपक्याची जागा दर वेळी थोडीथोडी सरकत असेल तर दोष मधल्या गिअरमध्ये, कारण त्याचे दाते वेगळे असल्याने तो चाकाबरोबर फेरा पुरा करत नाही. ठिपक्याचा काही मेळच लागत नसेल तर मोटरकडे वळा: ब्रश, कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर टेकतात त्या मोटरच्या फिरत्या भागाच्या) फटींतला कोळसा, शाफ्टला गुंडाळलेला गालिच्याचा धागा. ब्रश खूप झिजलेले नसतील तर कम्युटेटर मऊ लाकडी काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सँडपेपर नको.

जुन्या चॅसिसमध्ये सगळ्यांत जास्त सापडणारा दोष म्हणजे आसावरचा फुटलेला प्लॅस्टिकचा गिअर. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं थोडंथोडं आकसतं, आतला धातूचा आस आकसत नाही, आणि शेवटी गिअरचा गाभा एका जागी उभा चिरतो. त्या चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर केसभर वाढतं आणि दर फेऱ्याला एक "टक" आवाज येतो. गिअर काढून भिंगाखाली धरून नखाने किंचित दाबला की चीर उघडताना दिसते. चिकटवून उपयोग नाही. गोंद चिरेत शिरतो, पण चीर बंद करत नाही, ती आहे त्या रुंदीत गोठवतो, आणि टक कायमची होते. तेवढेच दाते आणि तेवढंच मॉड्यूल (दातांचं माप) असलेला नवा गिअर लावा, शक्यतो पितळी, आणि तो आसावर फार घट्ट ठोकू नका.

जुन्या चॅसिसचा ओतीव धातूही एकदा तिरप्या उजेडात न्याहाळा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर तो आतून कुजतो, फुगतो, त्याला बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. असा ठोकळा कितीही घासला तरी पुन्हा फुगतोच. मोटर, चाकं, गिअर काढून घ्या आणि ठोकळा टाकून द्या. जीव तुटतो, पण त्याच्यावर नवं काम चढवू नका.

यंत्रणा उघडलीच आहे तर दोन जागा हमखास बघा. पहिली वर्म आणि गिअर यांची मिळवणी. फार घट्ट असेल तर मोटर गुरगुरते, फार सैल असेल तर दाते घासतात. दोन्हींच्या मध्ये पातळ कागदाची, पतंगाच्या कागदासारखी पट्टी घालून मोटर दाबून बसवायची आणि पक्की करून पट्टी फिरवत बाहेर काढायची. कागदावर दातांचे ठसे उमटावेत, पण कागद फाटू नये. दुसरी जागा वर्मच्या शाफ्टची लांबीतली हालचाल, म्हणजे प्ले. सपाटीवर आणि चढावर चांगलं चालणारं इंजिन उतारावर घोड्यासारखं टपटप उड्या मारत असेल तर दोष नक्की इथे आहे: उतारावर डबे इंजिनाला मागून ढकलतात, वर्म पुढे सरकतो, मग मोटर त्याला पुन्हा मागे ओढते, आणि हे सेकंदात कित्येक वेळा होतं. शाफ्टवर ०.१ किंवा ०.२ मिमी जाडीचे वॉशर घालून ती हालचाल जेमतेम जाणवेल इतकी ठेवा. शून्य करू नका, नाहीतर तापल्यावर शाफ्ट जाम होईल.

हे सगळं नीट करूनही वेग जास्तच राहिला, तर मग मोटर की गिअर हा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल तर गिअर. मोटर आणि वर्म यांच्यामध्ये २:१ ची एक छोटी साध्या गिअरची जोडी घातली, की मघाच्या हिशोबातले २,८०० फेरे ५,६०० होतात आणि मोटर तिच्या सुखाच्या पट्ट्यात येते. शिवाय चाकावरची ताकद जवळजवळ दुप्पट होते. मात्र वर्मचा शाफ्ट मोटरच्या शाफ्टपेक्षा वर किंवा खाली सरकतो, आणि एन गेजच्या ओतीव ठोकळ्यात तेवढी जागा क्वचित असते. जागा नसेल तर कमी वेगाची मोटर शोधा. आजकाल ८ किंवा १० मिमी व्यासाच्या कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेल्या, मोटरी सहज मिळतात. त्या गुळगुळीत चालतात, वीज कमी खातात. पण धक्क्याधक्क्याने वीज देणाऱ्या जुन्या पल्स कंट्रोलरवर त्या तापून जळतात, हे विसरू नका. डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा पाठवून गाड्या चालवायची पद्धत) वापरत असाल तर डिकोडर, म्हणजे इंजिनातली त्या आज्ञा वाचणारी चकती, उच्च वारंवारतेचा हवा. तुम्ही तसेही डीसीसीवर असाल तर आधी डिकोडरच्या सेटिंगपैकी (त्यांना सीव्ही म्हणतात) सीव्ही ५ मधला कमाल वेग खाली आणा, सीव्ही २ मधलं सुरुवातीचं व्होल्टेज जुळवा आणि डिकोडरचं बॅक-ईएमएफ चालू आहे का ते बघा. बॅक-ईएमएफमुळे चांगला डिकोडर मोटर मंदावली की आपण होऊन जोर वाढवतो, आणि तुमच्या चॅसिसला कदाचित एवढंच पुरेल. पण फुटलेला गिअर कुठलाही डिकोडर सांधत नाही, म्हणून तपासणी आधी सांगितली.

डिकोडर विकत घेण्याआधी मोटरचा अडकलेल्या अवस्थेतला करंट मोजा: मल्टिमीटर मालिकेत जोडून १२ व्होल्ट द्या, शाफ्ट क्षणभर धरून आकडा वाचा आणि लगेच सोडा. डिकोडरची क्षमता त्या आकड्यापेक्षा जास्त असलीच पाहिजे.

आता चॅसिस कापण्याबद्दल. तुमच्या डोक्यातलं इंजिन चार चाकी असेल, तर सहा चाकी चॅसिसचं मधलं चाक काढता येतं, पण त्याचा गिअर बहुतेक वेळा पुढच्या आसाकडे फिरणं पोचवत असतो. चाकं काढा, गिअर जागेवर राहू द्या. ठोकळ्याची टोकं कापायची असतील तर मोटर आणि सगळे गिअर आधी बाहेर. चुंबक असलेली मोटर टेबलावरही ठेवू नका, डबीत बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. जस्ताचा धातू कानशीच्या दातांत बसतो आणि कानस घसरायला लागते. आधी कानशीला पांढरा खडू चोळून घ्या, म्हणजे भुगा झटकन सुटतो. कापल्यावर ठोकळा साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, आणि मगच जोडणी करा.

इथे एक धोका मी स्वतः भोगलेला आहे. एन गेजच्या बऱ्याच चॅसिस दोन उभ्या धातूच्या अर्ध्यांच्या असतात. मध्ये प्लॅस्टिकचे तुकडे घालून ते एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. डावा अर्धा डाव्या रुळाची वीज घेतो, उजवा उजव्याची. माझं पहिलं पितळी बॉडीचं इंजिन अशाच चॅसिसवर होतं. पाव मिमी पत्र्याची बॉडी, रिव्हेटच्या रांगा एकेक दाबून काढलेल्या, दोन महिन्यांचं काम. स्क्रू आवळताना बॉडीची आडवी पट्टी दोन्ही अर्ध्यांना टेकली. रुळावर ठेवल्यावर गाडी हललीच नाही, आणि मला वाटलं रूळ मळलेत, म्हणून मी कंट्रोलर वाढवत गेलो. वास आला तोवर मधले प्लॅस्टिकचे तुकडे वितळून चॅसिस वाकडी झाली होती. तेव्हापासून धातूची बॉडी असो वा नसो, चॅसिसच्या वरच्या बाजूला मी कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी टेप) चिकटवतो, बॉडीचा स्क्रू नायलॉनचा घेतो, आणि रुळावर ठेवण्याआधी मल्टिमीटरने डावं चाक ते बॉडी आणि उजवं चाक ते बॉडी असं दोन्ही तपासतो. दोन्हीकडे मीटर गप्प राहिला पाहिजे.

वीज उचलण्याच्या दोषावर चार चाकी छोट्या इंजिनाला सहानुभूतीने वागवावं लागतं. चारपैकी एक चाक सांध्यावरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आणि दुसरं धुळीच्या कणावर, एवढ्यानेही गाडी थांबते. चाकाच्या मागच्या बाजूला टेकणारी फॉस्फर ब्राँझची ०.३ मिमी तार हा जुना, भरवशाचा उपाय. ती दाबून नव्हे, स्पर्श करून राहिली पाहिजे. चाक बोटाने फिरवलं की तार किंचित थरथरावी, चाकाला ब्रेक लागू नये. शक्य असेल तर एका आसाला वरखाली किंचित डुलण्याची मोकळीक द्या, मध्यावर एका टोकदार आधारावर टेकवून. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तशी चारही चाकं मग रुळाला धरून राहतात. आणि इंजिनामागे कायमचा जोडलेला एखादा छोटा डबा चालणार असेल, तर त्याच्या चाकांतूनही वीज घ्या. खाणीतल्या इंजिनामागे हत्यारांची किंवा डिझेलच्या पिंपाची ट्रॉली शोभूनही दिसते.

आता पुठ्ठ्याकडे परत या. चॅसिसची लांबी, रुंदी, उंची आणि सगळ्यांत बाहेर आलेल्या भागांची मापं व्हर्नियरने घ्या, प्रत्येक बाजूला अर्धा मिमी मोकळा सोडा, आणि मिळालेल्या पेटीभोवती इंजिन शोधा. तुम्हाला हवं असलेलं नेमकं इंजिन त्या पेटीत बसत नसेल तर मापं ओढूनताणून बसवू नका. कारखान्यांची छोटी डिझेल इंजिनं इतक्या तऱ्हांची झाली, आणि त्यांना कार्यशाळेत इतकं काही जोडलं-कापलं गेलं, की पेटीत बसणारं आणि खरं वाटणारं इंजिन सापडतंच.

चाकं मूळ मोठ्या इंजिनाची असल्याने ती स्पोकवाली आणि रॉडवाली असतील. यावरचा सगळ्यांत सुंदर उपाय म्हणजे बाहेरची फ्रेम. नॅरोगेजच्या खऱ्या इंजिनांत फ्रेम बऱ्याचदा चाकांच्या बाहेरून असते आणि बाहेरून फक्त अ‍ॅक्सल-बॉक्स, म्हणजे आसांची टोकं धरणाऱ्या पेट्या, आणि स्प्रिंग दिसतात. १ मिमी स्टायरीन (प्लॅस्टिक) शीटची बाजूपट्टी बॉडीला खालून जोडा, त्यावर अ‍ॅक्सल-बॉक्स चिकटवा, आणि आतल्या चाकांचा प्रश्नच मिटतो. अ‍ॅक्सल-बॉक्स मात्र आतल्या चाकांच्या मध्याशी तंतोतंत जुळवा. अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

वजन कुठे टाकायचं याबद्दल थोडंसं. धातूच्या चाकांचं इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं ओढतं. ५० ग्रॅमचं इंजिन दहाएक ग्रॅमची ओढ देईल. म्हणून बॉडीतली प्रत्येक रिकामी जागा भरा, पण तोल दोन आसांच्या मध्यावर राहिला पाहिजे. पेन्सिलीवर आडवं ठेवून बघा. शिसं स्वस्त आणि मऊ, टंगस्टन त्याच्या पावणेदोन पट जड आणि महाग. शिशाचे छर्रे लाकडाच्या पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नका. बंद जागेत शिसं त्या गोंदाशी हळूहळू रासायनिक क्रिया करतं, फुगतं, आणि दोन-तीन वर्षांनी बॉडीच्या भिंती आतून फाडतं. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

वंगणाबद्दल एकच: प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल बेअरिंगला एक थेंब, सुईच्या टोकाने, आणि गिअरला किंचित ग्रीस. जास्तीचं तेल चाकांवर उतरतं, मग रुळांवर, आणि तुम्ही पुन्हा अडखळण्यापाशी येता.

तुमची चॅसिस तपासणीत नापास झाली, तर दुसरी घ्यायला संकोच करू नका. कातो या जपानी कंपनीच्या पॉकेट लाइनची छोटी चार चाकी चॅसिस आणि टोमीटेकच्या टीएम मालिकेतल्या चॅसिस या ९ मिमी नॅरोगेजवाल्यांनी इतक्या वापरल्यात की बाजारात त्यांच्यासाठी वेगळ्या बॉडी मिळतात. काप-जोड न करता पहिलं इंजिन उभं करायचं असेल तर तो रस्ता चांगला आहे.

आता दुसरा प्रश्न, मोठ्या मापाचा. पद्धत तीच, फक्त ९ मिमीच्या जागी १६.५ मिमीचा एचओ रूळ (१:८७ मापाच्या स्टँडर्ड गेज मॉडेल रेल्वेचा) येतो. १:४८ मध्ये तो ७९२ मिमी दाखवतो, १:४३.५ मध्ये ७१८. बाकमन कंपनीने १९९८ मध्ये याच गणितावर १:४८ मापाची तयार नॅरोगेज इंजिनं आणली आणि मोठ्या मापातलं नॅरोगेज पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आलं. आणखी पुढे जाऊन १:२२.५ धरलंत तर १६.५ मिमी म्हणजे ३७१ मिमी, खऱ्या पंधरा इंची रेल्वेच्या जवळ. सर आर्थर हेवूड यांनी १९व्या शतकात इंग्लंडमध्ये डफील्ड बँकला पंधरा इंची रेल्वे बांधली. त्यांच्या मते व्यवहारात चालणारा सर्वांत लहान गेज तोच. या मापात माणूस इंजिनाच्या मानाने भलताच मोठा दिसतो, आणि तेच त्याचं सौंदर्य. डिझेल किंवा रेलकार (इंजिन बसवलेला प्रवासी डबा) करायची असेल तर तेनशोदो या जपानी कंपनीची स्पड मोटर बोगी, म्हणजे मोटर बसवलेली तयार चार चाकी, बघा. तिची मोटर चाकांच्या मधोमध, फरशीखाली बसते आणि दोन आसांमधल्या अंतराचे २४.५ ते ३५ मिमीपर्यंत वेगवेगळे प्रकार आहेत.

वाफेच्या इंजिनासाठी एचओचं सहा चाकी शंटिंग इंजिन घ्या. १२ मिमीचं चाक १:४८ मध्ये ५७६ मिमी होतं, नॅरोगेजला अगदी साजेसं. इथे सगळा जीव रॉडमध्ये आहे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये (चाकावर जिथे रॉड जोडलेला असतो त्या जागांमध्ये) ९० अंशांचा फरक असतो. तो नेमका ९० आहे का, यापेक्षा तिन्ही आसांवर अगदी सारखा आहे का, याला महत्त्व. ८८ असेल तर तिन्हीकडे ८८ असू दे. चाकं एकदा काढलीत की हा कोन हातातून गेला असं समजा, म्हणून काढण्याआधी आसाच्या टोकापासून चाकापर्यंत बारीक रेघ ओरखडून ठेवा. जोडताना आधी एका बाजूचे रॉड लावा, फिरवून बघा. ते काढून दुसऱ्या बाजूचे लावा, फिरवून बघा. दोन्ही बाजू एकेकट्या छान फिरतात आणि एकत्र लावल्यावर अडतात, तर कोन चुकलाय. तेव्हा रॉडची भोकं मोठी करायचा मोह होतो. कोन आधी सुधारा. त्यानंतरही अगदी किंचित घासत असेल तरच निमुळत्या रीमरने बोटांनी फिरवत भोक केसभर वाढवा. ड्रिलने कधीच नाही.

मोठ्या मापात अजून एक अडचण येते, ती कॅबची. एचओच्या चॅसिसमध्ये मोटर बऱ्याचदा मागे, नेमकी ड्रायव्हरच्या जागी असते. १:४८ मध्ये माणूस ३५ मिमी उंच, आणि नॅरोगेजची कॅब उघडी, चारी बाजूंनी दिसणारी. अशा वेळी मी मोटरवर पातळ स्टायरीनचा चौकोनी डबा चढवतो, त्याला कोळशाच्या पेटीचा रंग देतो, आणि ड्रायव्हरचा पुतळा कमरेपासून कापून त्या पेटीवर असा चिकटवतो की तो वाकून खिडकीतून मागचे डबे बघतोय.